धावताना लागलेली धाप पाण्यातच सुरू झाली होती: पहिल्या अ‍ॅक्वाथलॉननंतरच्या सरावाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १ किलोमीटर पोहणे आणि ५ किलोमीटर धावणे अशी पहिलीच अ‍ॅक्वाथलॉन तुम्ही पूर्ण केली. तलावात तुम्ही १,५०० मीटर ३६ मिनिटांत आरामात पोहता आणि नुसते ५ किलोमीटर धावायचे असले तर २८ मिनिटांत धावता, म्हणून सगळे मिळून ५५ मिनिटांच्या आसपास होईल असा तुमचा हिशेब होता. प्रत्यक्षात जवळजवळ ७० मिनिटे लागली. पहिल्या शंभर मीटरमध्येच श्वास कोंडला, एका कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून थांबावे लागले, पुढे दिशा चुकली, बाहेर आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिसऱ्या किलोमीटरला चालण्याची वेळ आली. पुढची स्पर्धा बारा आठवड्यांवर आहे आणि धावणे कमी पडले असे समजून आठवड्याचे धावण्याचे अंतर दुप्पट करावे, असा तुमचा विचार आहे. तसे करू नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे.

आधी पाण्यातली ३१ मिनिटे उलगडू. तलावातल्या तुमच्या वेगाने, म्हणजे दर शंभर मीटरला २ मिनिटे २४ सेकंद या हिशेबाने, १ किलोमीटरला २४ मिनिटे लागायला हवी होती. सात मिनिटे जास्त लागली. तुमच्या घड्याळाने १,१८० मीटर दाखवले. उपग्रहाचा संदेश पाण्याखाली पोहोचत नाही, हात वर आला की तेवढ्यापुरता मिळतो, त्यामुळे हा आकडा ढोबळच धरावा. तरीही नवखा माणूस एवढे वाकडे पोहू शकतो, आणि त्या १८० मीटरलाच सव्वाचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. कयाकपाशी तुम्ही सव्वा मिनिट थांबलात. उरलेले साधारण दीड मिनिट भिंतीचे आहे. २५ मीटरच्या तलावात १ किलोमीटर पोहताना ३९ वेळा भिंतीला पाय लावून अंग ढकलता येते, प्रत्येक वेळी दोन-चार मीटर फुकट मिळतात आणि खांद्यांना क्षणभर विसावा मिळतो. खुल्या पाण्यात तो मिळत नाही. या सात मिनिटांत ताकद कमी पडल्याचे एकही मिनिट मला सापडत नाही.

आता धावणे. तुमचे पाच किलोमीटर अनुक्रमे ५:०५, ६:४०, ७:५०, ७:२५ आणि ७:३० असे झाले. ताजेतवाने असताना तुम्ही किलोमीटरला ५:३६ लावता आणि अर्धा तास पोहून, धापा टाकत बाहेर आल्यावर पहिला किलोमीटर त्याहून ३१ सेकंद लवकर संपवलात. हे जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या बाबतीत घडते. फ्रीस्टाइलमध्ये बहुतेक काम हातांचे असल्यामुळे पाय पहिली काही मिनिटे थकल्याची तक्रार करत नाहीत, त्यातच पाण्यात गमावलेला वेळ भरून काढण्याची घाई असते आणि बघे टाळ्या वाजवत असतात. हृदयाची गती मात्र आधीच चढलेली असते, ती खाली यायला वाव मिळत नाही, आणि दुसऱ्या किलोमीटरपासून शरीर वसुलीला सुरुवात करते. म्हणून माझा निष्कर्ष असा की तुमची ३४ मिनिटे ३० सेकंदांची धाव पायांमुळे बिघडली नाही. ती पाण्यातल्या पहिल्या दीड-दोनशे मीटरमध्ये बिघडली, आणि सरावाची सुरुवात तिथूनच करायला हवी.

श्वास कोंडणे म्हणजे प्राणवायू कमी पडणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात श्वास घेण्याची तीव्र ऊर्मी मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. घाबरलेला पोहणारा तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतो, आणि मान वळवल्यावर त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात जुनी हवा सोडणे आणि नवी घेणे ही दोन्ही कामे उरकू पाहतो. सोडणे अर्धवट राहते, त्यामुळे घ्यायला जागाच उरत नाही, आणि छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखे वाटते. पाणी थंड असेल तर यात आणखी भर पडते: त्वचा एकाएकी गार झाली की हुंदका आल्यासारखा श्वास आपोआप आत ओढला जातो आणि पुढे तो जलद होतो. ही प्रतिक्रिया साधारण एक-दोन मिनिटांत ओसरते, पण स्पर्धेची पहिली दोन मिनिटे तीच असतात आणि त्याच वेळी आजूबाजूला पन्नास जणांचे हातपाय चाललेले असतात.

यावरचा उपाय दोन ठिकाणी करायचा आहे. स्पर्धेच्या दिवशी, आयोजक परवानगी देत असतील तर, सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पाण्यात उतरावे, चेहरा बुडवून शंभर-दीडशे मीटर सावकाश पोहावे, म्हणजे थंडीचा पहिला धक्का शिटी वाजण्यापूर्वीच पचतो. उतरू देत नसतील तर निदान चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर पाणी मारून घ्यावे. उभे राहताना गर्दीच्या मध्यभागी न राहता कडेला किंवा मागे राहावे आणि शिटी झाल्यावर मनात दहा आकडे मोजून निघावे. हे दहा सेकंद वाया जात नाहीत. कयाकपाशी गेलेल्या ७५ सेकंदांच्या तुलनेत तर नाहीतच. पहिल्या शंभर मीटरमध्ये लक्ष फक्त एका गोष्टीवर ठेवावे: तोंड पाण्यात असेपर्यंत सतत, बुडबुडे ऐकू येतील असा, श्वास सोडत राहणे. तरीही घाबरगुंडी उडालीच तर पाठीवर उलटावे, आकाशाकडे पाहत पाच-सहा लांब श्वास सोडावेत आणि मग ब्रेस्टस्ट्रोकने पुढे सरकावे. एखादा टप्पा ब्रेस्टस्ट्रोकने केल्याबद्दल अजून कोणी कोणाला बाद केलेले नाही.

कयाकचा आधार घेतल्याबद्दल तुम्ही जे खजील होऊन लिहिले आहे, ते मनातून काढून टाका. थांबलेल्या नावेचा किंवा बोयाचा, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा, आधार घेऊन विश्रांती घ्यायला नियमांची सर्वसाधारणपणे मुभा असते. त्याला धरून पुढे सरकता येत नाही, एवढेच. एक हात उंच करून मदत मागणे हीसुद्धा नियमांतच दिलेली खूण आहे. तुम्ही थांबलात हा त्या दिवशीचा तुमचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

उपायाचा दुसरा भाग सरावाचा. आठवड्यातून एकदा तलावात तीन-चार जणांनी एकाच मार्गिकेत खांद्याला खांदा लावून एकाच वेळी निघावे, पहिले पंधरा-वीस हात जोरात मारावेत आणि उरलेले अंतर श्वास स्थिरावत पोहावे. ५० मीटरच्या अशा आठ फेऱ्या पुरतात. मुद्दाम धाप लावून घेऊन ती पोहता पोहताच उतरवायला शिकणे, हा त्यामागचा हेतू आहे. कोणाचा हात डोक्याला लागणे, गॉगल सरकणे, नाकातोंडात पाणी जाणे हे सगळे इथे, पाय टेकता येतील अशा पाण्यात, आधी घडून गेलेले बरे. मात्र दम वाढवण्याच्या नावाखाली जोरजोरात श्वास घेऊन पाण्याखाली श्वास रोखत फेऱ्या मारण्याचा प्रकार करू नये. त्याने कार्बन डायऑक्साइड अवाजवी कमी होतो, श्वास घेण्याची ऊर्मी वेळेवर येत नाही आणि चांगले पोहणारेही कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध पडतात.

दिशेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच वाचतो. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते म्हणून आपण सरळ पोहतो, हे रेघ नसेपर्यंत कळत नाही. मार्गिका रिकामी असताना, काठावर कोणाला तरी लक्ष ठेवायला सांगून, डोळे मिटून बारा-पंधरा हात मारून पाहा. बहुतेक जण एकाच बाजूला झुकतात, आणि ज्यांना एकाच बाजूने श्वास घेण्याची सवय असते त्यांच्यात हे प्रकर्षाने दिसते. आपण कोणीकडे झुकतो हे कळले की निम्मे काम झाले. उरलेले निम्मे म्हणजे पाहण्याची सवय: दर आठ-दहा हातांनी, हात पुढे जाऊन पाण्याला दाब देत असताना, फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढीच मान उचलायची, पाहायचे, आणि मग नेहमीप्रमाणे बाजूला वळून श्वास घ्यायचा. पाहणे आणि श्वास घेणे ही कामे एकाच हालचालीत केली तर डोके फार वर येते, कंबर आणि पाय खाली जातात आणि प्रत्येक वेळी ब्रेक लागल्यासारखा वेग पडतो. बोया लहान असतो आणि लाटेआड जातो, म्हणून सुरुवातीपूर्वी काठावरून त्याच्या मागच्या बाजूला एखादे उंच झाड, मनोरा किंवा टेकडीची खाच हेरून ठेवावी. एकदा पाहून काही दिसले नाही तर थांबू नये, दोन-तीन हात मारून पुन्हा पाहावे.

दुसऱ्याच्या पायांमागे पोहले तर पाण्याचा विरोध कमी होतो आणि त्याच वेगाला कष्ट कमी पडतात. पोहण्याच्या टप्प्यात हे चालते आणि ते शिकून घ्यावे. पण पुढच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी एका सफाईदार पोहणाऱ्याच्या बुडबुड्यांमागे मोठ्या निष्ठेने गेलो. बऱ्याच वेळाने तो थांबला, मागे वळला आणि बोया कुठे आहे, असे त्याने मलाच विचारले.

आता अंधारी येण्याविषयी. पोहताना शरीर आडवे असते आणि पाण्याचा दाब पायांतले रक्त हृदयाकडे परतायला मदत करतो. आपण एकदम उभे राहिलो की दोन्ही आधार एकाच क्षणी जातात, रक्त पायांत उतरते आणि मेंदूकडे जाणारा दाब थोडा वेळ कमी पडतो. म्हणून शेवटच्या ५०-६० मीटरमध्ये पायांची हालचाल थोडी वाढवावी, म्हणजे एरवी जवळजवळ स्वस्थ असलेले पाय कामाला लागतात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून चालत येण्यापेक्षा हाताची बोटे तळाला लागेपर्यंत पोहावे, मग उठावे आणि पहिली दहा-पंधरा पावले चालावे. पोटऱ्यांचे स्नायू आकसले की रक्त वर ढकलले जाते, त्यामुळे जागेवर उभे राहण्यापेक्षा चालणे बरे. काही पावलांत जाणारी गरगर सामान्य आहे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, किंवा पोहताना विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप आणि खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबीसर थुंकी येणे, ही मात्र वेगळी बाब आहे. पोहताना फुप्फुसांत पाणी उतरण्याचा एक विकार असतो, तो धडधाकट माणसांनाही होतो, आणि अशा वेळी स्पर्धा तिथेच सोडून बाहेर पडून डॉक्टर गाठणे एवढेच करायचे असते.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पाण्यातून येऊन धावायला निघण्याच्या मधल्या तयारीत, तुमची ४ मिनिटे १० सेकंद गेली, त्यातली बहुतेक ओल्या पायांवर मोजे चढवण्यात आणि नाड्या बांधण्यात. बुटांना लवचिक नाड्या घालाव्यात, आत थोडी पावडर टाकावी, टाचेला आणि अंगठ्याच्या बाजूला व्हॅसलीन लावावे, आणि मोज्यांविना धावायचे असेल तर आधी चार-पाच सरावांत तसे धावून पाहावे. स्पर्धेचा नंबर कमरेच्या पट्ट्यावर आधीच अडकवलेला असावा. हे घरच्या अंगणात दहा वेळा करून पाहिले की दीड मिनिटात उरकते. याहून जास्त डोके त्यात घालू नये.

बारा आठवड्यांचा सराव मी असा ठेवीन. पहिल्या आठवड्यात तलावात चाचणी घ्या: ४०० मीटर शक्य तितक्या वेगाने पोहा, पूर्ण विश्रांतीनंतर २०० मीटर तसेच पोहा, आणि पहिल्या वेळेतून दुसरी वजा करा. समजा ९:०० आणि ४:२० आले, तर फरक ४:४० आणि त्याचा निम्मा २:२०. हा तुमचा दर शंभर मीटरचा आधाराचा वेग. आठवड्यात तीन वेळा पोहावे. एका दिवशी या वेगाने १०० मीटरच्या दहा फेऱ्या, मध्ये १५-२० सेकंद थांबून. दुसऱ्या दिवशी वर सांगितलेला गर्दीचा आणि दिशेचा सराव, आणि शेवटी ४०० मीटर भिंतीला न शिवता, म्हणजे भिंतीच्या दोन मीटर आधीच वळून. हे ४०० मीटर पहिल्यांदा पोहाल तेव्हा भिंतीचे दीड मिनिट कुठे गेले ते खांद्यांना समजेल. तिसरा दिवस शक्य असेल तेव्हा खुल्या पाण्याचा. बारा आठवड्यांत असे पाच-सहा दिवस तरी मिळवावेत, कधीही एकट्याने जाऊ नये, डोक्यावर भडक रंगाची टोपी आणि कमरेला तरंगता फुगा असावा.

धावणेही आठवड्यात तीनच वेळा. एक सावकाश आणि लांब, ६ किलोमीटरपासून हळूहळू ९ किलोमीटरपर्यंत, पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल अशा वेगाने. एक थोडी वेगवान, उदाहरणार्थ १ किलोमीटरच्या चार फेऱ्या साधारण ५:३०च्या वेगाने. आणि तिसरी धाव पोहण्याला जोडून. हा जोडसराव, ज्याला खेळाडू ब्रिक म्हणतात, तुमच्या बारा आठवड्यांचा कणा आहे. ३०० मीटर दमदार पोहणे, ताबडतोब बाहेर, बूट, १ किलोमीटर धावणे, आणि हेच तीनदा. प्रत्येक धाव ६:१०च्या वेगाने सुरू करायची सक्ती स्वतःवर करा. सुरुवातीला हा वेग लाजिरवाणा संथ वाटेल, कारण पाण्यातून आल्यावर वेगाचा अंदाज फसतो. तो अंदाज पुन्हा बसवणे हेच इथले काम आहे. पावले आखूड आणि जलद ठेवावीत. तलावाजवळ धावायला जागा नसेल तर पोहणे संपवून आठ-दहा मिनिटांत बाहेर रस्त्यावर धावायला लागावे. परिणाम थोडा कमी मिळतो, पण मिळतो. दर चौथा आठवडा हलका ठेवावा आणि शेवटच्या दहा दिवसांत अंतर जवळजवळ निम्म्यावर आणावे, वेगाच्या छोट्या फेऱ्या मात्र चालू ठेवाव्यात.

पुढच्या स्पर्धेत पहिला किलोमीटर ६:१०, पुढचे तीन ५:५५ च्या आसपास आणि शेवटचा जसा जमेल तसा, असे ठरवून निघालात तर ३० मिनिटांच्या आत धाव संपेल. पोहणे २६ मिनिटे, मधला दीड मिनिट, म्हणजे साडेसत्तावन्न. धावण्याचे अंतर न वाढवता बारा मिनिटे कमी होतात.

खाण्यापिण्याबद्दल तुम्ही बरेच विचारले आहे, पण तासाभराच्या स्पर्धेत त्याला फारसे महत्त्व नाही. दोन-अडीच तास आधी नेहमीच्या सवयीचा हलका आहार घ्यावा, नवीन काही खाऊ नये, वाटेत एनर्जी जेलची गरज नाही. वेटसूटबद्दल, म्हणजे निओप्रीन या रबरासारख्या कापडाच्या पोहण्याच्या पोशाखाबद्दल, एवढेच, की निओप्रीन तरंगते आणि त्यामुळे पाय बुडणाऱ्यांना त्याचा चांगला फायदा होतो, पण पाणी ठरावीक तापमानाच्या वर असेल तर तो घालायला बंदी असते. म्हणून त्या स्पर्धेचा नियम आधी वाचावा आणि वेटसूट घालून किमान तीन-चार वेळा पोहल्याशिवाय तो स्पर्धेत घालू नये. मानेशी आवळणारा नवा वेटसूट श्वास कोंडल्याचा भास स्वतःच निर्माण करतो. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात आणि पोहताना पाय खाली ओढतात, त्यामुळे रोज पाच मिनिटे पावले मागे ताणण्याचा व्यायाम केला तर वेटसूटविनाही थोडा फरक पडेल.

शेवटचा प्रश्न मित्रासोबत स्विमरन करण्याचा. हा वेगळा खेळ आहे हे आधी ध्यानात घ्यावे. स्वीडनमध्ये २००२ साली चार मित्रांच्या पैजेतून तो सुरू झाला: दोन-दोनच्या जोड्यांनी उतो बेटापासून सांडहामनपर्यंत बेटे धावत आणि मधले पाणी पोहत पार करायचे. त्यांना २६ तासांहून जास्त लागले, आणि २००६ पासून त्याच मार्गावर ओटिलो ही स्पर्धा भरू लागली, ज्यात साधारण ७५ किलोमीटरपैकी सुमारे १० किलोमीटर पोहायचे असतात. तिथे ट्रान्झिशन नसते. बूट घालूनच पोहायचे आणि वेटसूट घालूनच धावायचे. बुटांमुळे पाय बुडतात म्हणून मांड्यांमध्ये फोमचा तुकडा धरतात, हातांना पॅडल, म्हणजे पाणी ढकलायच्या चपट्या पट्ट्या, लावतात, आणि जोडीदारांनी १० मीटरच्या आत राहायचे असल्यामुळे अनेक जण एकमेकांना दोरी बांधतात. पाण्यात जाणे-येणे वारंवार होत असल्यामुळे तुमच्या सगळ्या अडचणी तिथे दर टप्प्याला नव्याने समोर येतील. म्हणून आधी ही दुसरी अ‍ॅक्वाथलॉन करावी. ती झाल्यावर, बूट घालून ४०० मीटर पोहणे आणि लगेच २ किलोमीटर धावणे हे चार वेळा सलग जमू लागले, आणि त्यात जोडीदाराशी भांडण झाले नाही, तर लहान अंतराच्या स्विमरनला नाव द्यायला हरकत नाही. पॅडल मात्र आठवड्यात एकदा, ३०० मीटरपासूनच सुरू करावेत. सवय नसताना ते खांद्यांवर बराच भार टाकतात.